गोळी तीच, मग गुण वेगळा का?

प्रश्न (जिंतूर): दादाला मेंदूत ग्लिओब्लास्टोमाची, म्हणजे कॅन्सरची गाठ होती. ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) झाला, टेमोझोलोमाइडच्या गोळ्याही घेतल्या, तरी सहा महिन्यांत गाठ परत आली. शेजारच्या खाटेवरचा पेशंट त्याच गोळ्यांवर दीड वर्ष बरा आहे. आमचं कुठं चुकलं?

उत्तर: तुमचं काहीही चुकलेलं नाही, ही सल आधी मनातून काढा. ही गोळी गाठीच्या पेशीतल्या डीएनएला, त्यातल्या ग्वानिन नावाच्या घटकाला, मिथिल गट नावाचा एक छोटा रासायनिक तुकडा चिकटवते. त्या बिघाडामुळं पेशी विभागताना मरते. पण पेशीत एमजीएमटी नावाचं विकर (एन्झाइम) असेल, तर ते हा गट उचलून स्वतःवर घेतं आणि कायमचं निकामी होतं. एका रेणूकडून एकच दुरुस्ती होते. ज्या गाठीत हे विकर मुबलक, तिथं गोळीचं काम लगोलग पुसलं जातं.

काही गाठींत मात्र एमजीएमटीच्या जनुकाच्या सुरुवातीलाच मिथिल गटांचं कुलूप बसलेलं असतं. विकर फारसं तयारच होत नाही, म्हणून गोळी लागू पडते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा रुग्णांपैकी शेक आणि गोळी दोन्ही घेतलेले निम्मे रुग्ण २१.७ महिन्यांहून जास्त जगले. नुसत्या शेकावर हाच आकडा १५.३ होता.

प्रश्न (अंबाजोगाई): जनुकाचा दोष म्हणता, मग आमच्या लेकरांनाही तपासायचं का?

उत्तर: यासाठी नाही. हे कुलूप गाठीच्या पेशींत बसतं, ते आईवडिलांकडून लेकरांत उतरत नाही. सोयरिकीत हा आजार लपवण्याची पाळी कुणावर येऊ नये. घरात कमी वयात अनेकांना कॅन्सर झाला असेल, तर मात्र जरूर विचारा.

प्रश्न (उदगीर): वडील ७२ वर्षांचे. रिपोर्टात ‘अनमिथिलेटेड’ आलंय. गोळ्या बंद करू का?

उत्तर: परस्पर करू नका. ‘अनमिथिलेटेड’ म्हणजे एमजीएमटीच्या जनुकावर ते कुलूप नाही. पण डॉक्टरांना हे नक्की विचारा, कारण या वयात हा रिपोर्ट खरोखर उपचार बदलतो. थकलेल्या ज्येष्ठांना कुलूप असेल तर नुसती गोळीही देता येते. नसेल तर कमी दिवसांच्या शेकावर जास्त भिस्त असते. तरुण पेशंटला रिपोर्ट असा आला तरी सहसा गोळी देतात, कारण तिच्याहून चांगला पर्याय फारसा हाती नाही.

प्रश्न (जालना): आमची ही तपासणी झालीच नाही. आता होईल?

उत्तर: बहुधा होईल. ऑपरेशन झालेल्या दवाखान्याच्या पॅथॉलॉजी विभागात गाठीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये जपलेला असतो. अर्ज करून तो मागा, दिल्याची नोंद ठेवा. संभाजीनगरला किंवा मुंबईला नेताना मे महिन्याच्या उन्हात बंद गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडतं.