आंब्यावरची बांडगुळे काढायला चढताना गिर्यारोहणाचा दोर आणि प्रुसिकची गाठ चालेल का?

घरामागच्या जुन्या रायवळ आंब्यावर बारा-एक मीटर चढून बांडगुळे काढायची आहेत, गिर्यारोहणाचा ११ मिलिमीटरचा डायनॅमिक दोर आणि प्रुसिकसाठी (मुख्य दोरावर सरकवता येणारी, पण भार आला की त्याला धरून बसणारी पकडगाठ) ६ मिलिमीटरची दोरी घरात आहे, ती चालेल का, असे आपण विचारले आहे. मी आमच्या बागेतल्या झाडांवर काही वर्षे दोराने चढतो आहे. माझ्या मते हा दोर या कामाला घेऊ नये, आणि गाठ दोर ठरल्यावरच ठरवावी.

डायनॅमिक दोर पडणाऱ्या माणसाचा झटका ताणून सोसावा म्हणूनच विणलेला असतो. युरोपीय मानकानुसार (ईएन ८९२) एकेरी वापराच्या दोराला ८० किलोचे वजन नुसते टांगले तरी तो १० टक्क्यांपर्यंत ताणला जाऊ शकतो. कड्यावर हाच गुण जीव वाचवतो. झाडावर मात्र आपण सारा वेळ दोरालाच लोंबकळत असतो, त्यामुळे चढताना ताकद दोर ताणण्यात जाते आणि फांदीच्या शेंड्याकडे कोयता चालवताना अंग वरखाली होत राहते. म्हणून ईएन १८९१ मानकाचा, ‘ए’ प्रकारचा, कमी ताणाचा दोर घ्यावा. वृक्षकामासाठीच विणलेला, पॉलिस्टरच्या वेष्टनाचा १२-१३ मिलिमीटरचा मिळाला तर अधिक चांगले, कारण तो हातात नीट धरता येतो. हार्डवेअरच्या दुकानात ‘नायलॉन’ म्हणून मिळणारा रंगीत दोर पुष्कळदा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. तो साधारण १६५ अंशांना वितळतो, पॉलिस्टर २५० च्या पुढे. गाठ दोरावर घासत सरकते तेव्हा हा फरक कळतो. दोर बेचक्यातून जाऊन दुहेरी खाली येतो, म्हणून बारा मीटरसाठी निदान ३० मीटर हवा, आणि त्याच्या मोकळ्या टोकाला आठाची गाठ मारून ठेवावी, म्हणजे उतरताना ते पकडगाठीतून निसटणार नाही.

आता पकडगाठ. प्रुसिकची दोरी मुख्य दोरापेक्षा बारीक असावी लागते, जाडी सारखी झाली की ती नीट धरत नाही. पण ६ मिलिमीटरची दोरी सतत घासण्याच्या या कामाला फार बारीक आहे, आणि भार आल्यावर प्रुसिक इतकी आवळते की दर हाताला ती सोडवत बसावे लागते. नवशिक्याला मी ब्लेकची गाठ सुचवेन, कारण ती सारख्याच जाडीच्या दोराने बांधता येते. टोकाने मुख्य दोराला खालून वर चार वेढे द्यावेत, मग टोक खाली आणून हार्नेसकडून (अंगावरच्या कमरेच्या पट्ट्याकडून) येणाऱ्या भागावरून घ्यावे, मुख्य दोराच्या मागून वळवावे आणि खालच्या दोन वेढ्यांच्या आतून बाहेर काढून आवळावे. उरलेल्या टोकाला पुन्हा आठाची गाठ मारावी.

पहिल्या वर्षी मी ही गाठ चढायच्या दोराच्याच टोकाने बांधत असे. एकदा ओंबील (झाडावरच्या लाल मुंग्या) चावू लागले म्हणून घाईने सरसर खाली आलो आणि पाहिले, तर गाठीजवळचा दोर वितळून काचेसारखा गुळगुळीत, कडक झाला होता. या गाठीत उष्णता एकाच जागी साचते. तेव्हापासून मी गाठीसाठी दीड मीटरचा वेगळा तुकडा वापरतो. तो खराब झाला की तेवढाच बदलता येतो. (ओंबील मात्र दरवर्षी नवेच असतात.)

हार्नेसच्या कड्यात दोर थेट ओवायचा असेल तर परत ओवलेली आठाची गाठ उत्तम, कारण ती नुसत्या नजरेने तपासता येते. कॅरॅबिनरला (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीला) बांधताना दोन वेढ्यांचा सरकफास घ्यावा. तो कॅरॅबिनरवर आवळून बसतो, त्यामुळे कॅरॅबिनर आडवा फिरत नाही. कॅरॅबिनर आपोआप बंद होणारा, उघडायला तीन हालचाली लागणारा असावा. हाताने पिळून बंद करायचा कॅरॅबिनर दोर त्यावर घासून आपोआप उघडू शकतो.

दोर टाकण्याचा बेचका बांडगुळाच्या वर किंवा लगत निवडू नये, कारण बांडगूळ बसलेली फांदी त्या जागी फुगलेली आणि पुढे वाळत चाललेली असते. जमिनीवरून आधी दोघांनी मिळून दोराला लोंबकळून पाहावे, मग गुडघाभर उंचीवर गाठ दहा-बारा वेळा सरकवून अडवून पाहावी, आणि ती प्रत्येक वेळी धरते असे दिसल्यावरच वर जावे. कोयता बाहेर काढण्याआधी खोडाभोवती दुसरा पट्टा अडकवावा, तोही पोटात तारेचा असलेला, कारण ताणलेला दोर कोयत्याच्या एका ओझरत्या घावाने तुटतो.