स्ट्रेप्पोनीचा आवाज ‘नाबुक्को’ने घालवला का?

इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या ‘नाबुक्को’ ह्या ऑपेरातल्या अबिगाईल्लेच्या भूमिकेने ती पहिल्यांदा गाणाऱ्या ज्युझेप्पिना स्ट्रेप्पोनीचा गळा संपवला असं बरेच जण सांगतात, ते खरं का, असं तुम्ही विचारलंय. मला नाही पटत. ९ मार्च १८४२ ला मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहात पडदा वर गेला, तेव्हाच तो गळा थकून गेलेला होता. बिचाऱ्या भूमिकेवर आळ यायचं कारण एवढंच, की ती खरोखर जीवघेणी आहे.

दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीचा अबिगाईल्लेचा प्रवेश लावून बघा. आपण राजकन्या नसून गुलामाची पोर आहोत हे सांगणारा कागद तिच्या हाती लागलाय. संतापाच्या भरात ती वरच्या ‘सी’ ह्या सुरावरून थेट दोन सप्तकं खाली कोसळते. मध्ये ना पायरी, ना मींड. नुसती वरच्या पट्टीत चमकणारी किंवा नुसती खाली घुमणारी गायिका तिथे उघडी पडते. मी हा तुकडा ऐकताना दरवेळी श्वास धरून बसतो.

पण स्ट्रेप्पोनीची त्याआधीची सात-आठ वर्षं बघा. जन्म लोदीचा, १८१५ चा. वडील फेलिचानो मोंझाला ऑर्गन वाजवायचे, ऑपेरेही रचायचे. १८३२ मध्ये ते गेले. १८३४ मध्ये ही मिलानच्या संगीतशाळेतून गाण्याचं पहिलं बक्षीस घेऊन बाहेर पडली आणि त्याच वर्षाअखेर रंगमंचावर उभी राहिली. पुढच्या वर्षी त्रिएस्तेत रोसिनीच्या ‘मातिल्दे दि शाब्रान’ने नाव झालं, मग व्हिएन्नात ‘नॉर्मा’ ऑपेरातली अदाल्जिसाची भूमिका. नाव झालं आणि आई-भावंडांचा भार हिच्यावर आला. तेव्हाच्या इटलीत गायिका हंगामागणिक गाव बदलायची, आणि ही आठवड्यात कधी पाच, कधी सहा रात्री गायची. आजची कुठलीही सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीची गायिका, असला करार समोर आला तर उठून जाईल.

त्यात बाळंतपणं. लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे पोटं लपवत गायचं आणि मुलं दुसऱ्यांकडे ठेवायची. १८४१ च्या फेब्रुवारीत तिने रोममध्ये दोनिझेत्तीचा नवा ‘आदेलिया’ गायला, नोव्हेंबरात मुलगी झाली, मार्चमध्ये अबिगाईल्ले! ह्याला गळा काय करणार?

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. त्या वसंतात ‘नाबुक्को’चे प्रयोग झाले फक्त आठ. शरदात त्याच ला स्कालात तब्बल ५७ झाले, पण तेव्हा अबिगाईल्ले होती तेरेझा दे ज्युली. म्हणजे व्हेर्दीच्या त्या गाजलेल्या हंगामात स्ट्रेप्पोनी नव्हतीच.

१८४६ मध्ये तिने रंगमंच सोडला. वय जेमतेम तीस-एकतीस. पॅरिसला जाऊन गाण्याच्या शिकवण्या धरल्या. १८४७ मध्ये व्हेर्दी तिथे आला, आणि त्याच्या ‘जेरुसलेम’ ऑपेराच्या हस्तलिखितात एका प्रेमी युगुलाच्या द्वंद्वगीताचे शब्द आलटून पालटून दोघांच्या हस्ताक्षरात आहेत. एक ओळ ह्याची, एक तिची.

पुढे इटलीतल्या बुस्सेतो गावात दोघं लग्नाविना एकत्र राहिले तेव्हा गावाने कुजबुजून जीव नकोसा केला. व्हेर्दीचे पहिले सासरे बारेझ्झी, ज्यांनी त्याला पैसे घालून शिकवलं, तेही नाराज. १८५२ मध्ये व्हेर्दीने त्यांना पत्रात बजावलं, की माझ्या घरात राहणारी बाई स्वतंत्र आहे आणि आम्ही कुणाला हिशेब देणं लागत नाही. लग्न लागलं ते थेट २९ ऑगस्ट १८५९ ला, साव्हॉयमधल्या कोलोंज नावाच्या खेड्यात. साक्षीदार दोन: गाडीवान आणि चर्चचा घंटा वाजवणारा.

ती १८९७ मध्ये गेली. आता दोघंही मिलानमध्ये, व्हेर्दीने म्हाताऱ्या, पैसा गाठीशी न राहिलेल्या गायक-वादकांसाठी बांधलेल्या घरात पुरलेले आहेत.