जुना केस ट्रॅपर चाकू घेताना काय तपासावं?

स्लिपजॉइंट प्रकारच्या घडीच्या चाकूंच्या संग्रहाची सुरुवात जुन्या केस ट्रॅपरने करायची, तर आधी पात्याच्या बुडाशी असलेला शिक्का बघा. अमेरिकेतल्या ब्रॅडफर्डच्या 'केस' या कंपनीने १९७० मध्ये नावाखाली दहा ठिपके दिले आणि पुढे दरवर्षी एक कमी केला. म्हणजे सत्तरच्या दशकातल्या शिक्क्यात सात ठिपके असतील तर चाकू १९७३ चा; १९८० मध्ये मात्र नव्या शिक्क्यात ठिपके पुन्हा दहापासून सुरू झाले. नमुना क्रमांकही बोलका असतो: ६२५४ मधला ६ म्हणजे हाडाची मूठ, २ म्हणजे दोन पाती आणि ५४ म्हणजे ट्रॅपर हा नमुना.

मग चाकू उघडा. याला लॉक नसतो, पातं फक्त पाठीच्या स्प्रिंगच्या दाबावर उभं राहतं. त्यामुळे उघडताना-मिटताना ठसठशीत 'खट्' आवाज यायला हवा. पातं आडवं हललं किंवा उजेडात धरल्यावर स्प्रिंगच्या कडेने फट दिसली, तर सोडून द्या. वारंवार धार लावून झिजलेलं पातं असेल तर किंमत निम्मी मागा, लाजू नका.

आणि कृपा करून जुन्या कार्बन स्टीलचा करडा रंग घासून चकचकीत करू नका! मुंबई-कोकणच्या दमट हवेत तेलाचा पुसट हात पुरतो. चामड्याच्या म्यानात मात्र ठेवू नका, गंज तिथेच धरतो.