चिठ्ठी दिली, पण पेशंट पोहोचला का?

प्रश्न: मी इमर्जन्सी क्लिनिकमध्ये रात्रपाळी करते. दारू पिऊन पडलेले, झोपेच्या गोळ्या जास्त घेतलेले, कानात आवाज येतात म्हणून भेदरलेले पेशंट येतात. आम्ही जखम शिवतो, सलाइन लावतो आणि जाताना ‘मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा’ असं लिहून देतो. बरेच जण जातच नाहीत, काही तशाच अवस्थेत परत आमच्याकडे येतात. रेफर करायचं तरी कसं?
– एक वैद्यकीय अधिकारी

उत्तर: न जाणाऱ्या पेशंटला मी बोल लावणार नाही. रात्रभर उलट्या करून गळून गेलेल्या, नातेवाइकांसमोर मान वर न करणाऱ्या माणसाला आपण ना डॉक्टरचं नाव देतो ना वेळ. तो जाणार कुठे? म्हणून माझा आग्रह असा, की पेशंट खाटेवर असतानाच, त्याला विचारून, त्याच्यासमोर पुढच्या डॉक्टरांना फोन लावा. दिवस आणि वेळ पक्की करा. जमलं तर फोन त्याच्याच हातात द्या. “परवा दहाला या, मी आहे,” हे समोरच्याच्या तोंडून ऐकलं की पाऊल उचलायला धीर येतो. मध्यरात्री कुणी मिळणार नसेल, तर सकाळी फोन कोण करणार त्याचं नाव वहीत लिहून मगच पाळी सोडा.

मात्र ‘मानसिक केस’ म्हणून पाठवायची घाई नको. असंबद्ध बडबडणाऱ्याची साखर तपासली का? ताप आहे का? डोक्याला मार? तोंडाला दारूचा वास येतो म्हणून मेंदूत रक्तस्राव नसेलच, असं धरून चालू नका. उतारवयात पहिल्यांदाच भ्रम झाला असेल, शुद्ध कमीजास्त होत असेल, तर आधी शारीरिक कारण शोधा.

रोज पिणाऱ्याला ‘आजपासून बंद’ असं बजावून घरी पाठवणं तर धोक्याचंच. शेवटच्या पेल्यानंतर साधारण 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते आणि 48 ते 96 तासांत डिलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे अंगाला कंप सुटून भ्रम होणं, जे जिवावर बेतू शकतं. पूर्वी असं झालं असेल तर चिठ्ठी नको, दाखलच करा.

चिठ्ठीत ‘दारूचं व्यसन, कृपया पाहावे’ एवढ्यावर भागवू नका. असं लिहा: ‘वय 34. रोज दारू, शेवटची काल रात्री 11 वाजता. पूर्वी फिट नाही. साखर 96. आज मरावंसं वाटत नाही म्हणतो, गेल्या महिन्यात वाटलं होतं. पत्नीशी बोलायला संमती आहे.’ हे वाचून पुढचा डॉक्टर लगेच कामाला लागू शकतो. मरणाबद्दल सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. ‘हो’ म्हणाला तर एकटं सोडू नका, मानसोपचारतज्ज्ञांना त्याच वेळी बोलवा. धोका ओसरून घरी जाताना घरात साठवलेल्या गोळ्या, कीटकनाशकं कोण हलवणार हेही ठरवून घ्या.

आणि जे उपचार तुमच्याच हातात आहेत, ते तिथेच सुरू करा. ओपिऑइडचं (हेरॉइनसारख्या अफूच्या जातीच्या पदार्थांचं) व्यसन असलेल्या 329 पेशंटवरचा येल विद्यापीठाचा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. नुसतं रेफर केलेल्यांपैकी 30 दिवसांनी 37 टक्के उपचारात होते, इमर्जन्सीतच ब्युप्रेनॉर्फिन (तलफ आणि नशा सुटतानाचा त्रास कमी करणारं औषध) सुरू केलेल्यांपैकी 78 टक्के. हे आकडे मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगतो.

‘मला कुठेही जायचं नाही’ म्हणणारेही भेटतील. जिवाला धोका नसेल तर वाद घालू नका. “दारू सोडावीशी किती वाटते, दहापैकी सांगा,” असं विचारा. तीन म्हणाला, तर “शून्य का नाही?” असं विचारून गप्प बसा, त्याला बोलू द्या. त्याचा नंबर घेऊन ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी तुमच्यापैकीच कुणीतरी फोन करा, शक्यतो ज्याचा चेहरा त्याला आठवेल अशाने.