‘सूर उतरतोय’ हे कुणी सांगायचं?

टीव्हीवर गाण्याची नवी स्पर्धा सुरू झाली की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. “परीक्षक फार लागेल असं बोलतात हो. मुलं खचणार नाहीत का?” मूल स्पर्धेत उतरलेलं असो की नुसतं बघत असो, काळजी तीच. अशा वेळी मला एक मुलगी आठवते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि बऱ्याच भेटी इथे चार संवादांत आटोपल्यात.

वय 14. निवड फेरीतच बाहेर पडली आणि त्या दिवसापासून गाणं बंद. रियाज नाही, घरात कुणी गुणगुणलं तरी उठून जायची. “त्या एका परीक्षकानं माझ्या मुलीची वाट लावली,” हे आईचं वाक्य पहिल्याच भेटीत तीनदा आलं.

“ते नेमकं काय म्हणाले?” मी मुलीला विचारलं.

“मला गाता येत नाही, असं.”

“याच शब्दांत?”

ती गप्प. मी कागद पुढे केला. “त्यांचेच शब्द लिही. तुझे त्यात मिसळू नकोस.” बऱ्याच वेळानं तिनं लिहिलं : ‘तार सप्तकात तुझा सूर उतरतो. श्वास पुरत नाही. एवढ्या तयारीवर मी तुला पुढे पाठवणार नाही.’

‘गाता येत नाही’ हे त्यात कुठेच नव्हतं. ते तिनं स्वतःच जोडलं होतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझं काम उभं आहे. माणसाच्या कृतीला गुण द्यावेत, अख्ख्या माणसाला देऊ नयेत, असं ते आग्रहानं सांगत. चांगला परखड परीक्षक हेच करतो. समोर झालेल्या दोन मिनिटांच्या गाण्याला तो गुण देतो, त्यापलीकडे जात नाही. मुलीला हे पटलं, पण चेहरा खुलला नाही. काहीतरी अजून अडलं होतं.

पुढच्या एका भेटीत आईही होती. मी सहज विचारलं, “बाकीचे दोन परीक्षक काय म्हणाले?”

“छान बोलले. गोड आवाज आहे म्हणाले.”

“आणि निकाल?”

“त्यांनीपण नाहीच म्हटलं.” मग हळूच, “का नाही, ते मात्र नाही सांगितलं.” ती एकदम आईकडे वळली. आई स्वतः गाणं शिकलेली. “आई, तुला ऐकू यायचं? माझा सूर उतरतो ते?”

आईनं मान खाली घातली. “हो. दोनेक वर्षं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुला वाईट वाटेल म्हणून.”

मुलगी रडायला लागली. मध्ये बोलायचा मोह मी आवरला, आणि त्या आवरण्याचं मला आजही समाधान आहे. कारण रडता रडता ती जे बोलली, ते माझ्या कुठल्याच प्रश्नानं बाहेर आलं नसतं. “तुम्ही सगळे छान छान म्हणायचात, ते मला खरं वाटायचंच नाही. पण काय चुकतंय तेही कळायचं नाही.”

तोवर मी परीक्षकाच्या शब्दांत जखम शोधत होते. ती घरातल्या कौतुकाखाली होती.

नेदरलँड्समधल्या एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांचा 2014 मधला अभ्यास मला म्हणून महत्त्वाचा वाटतो. मुलांनी काढलेल्या चित्रांवर त्यांना चिठ्ठीतून अभिप्राय मिळाला. स्वतःबद्दल आधीच साशंक असलेल्या मुलांना ‘अविश्वसनीय सुंदर’ असं फुगवलेलं कौतुक मिळालं, तेव्हा पुढचं अवघड चित्र निवडायला तीच मुलं कचरली. आणि अशाच मुलांचं आपण मायेपोटी जास्त फुगवून कौतुक करतो.

परखडपणाच्या नावाखाली अपमानही खपवला जातो, हे खरंच. 2001 मध्ये ब्रिटनच्या ‘पॉप आयडॉल’ या गाण्याच्या स्पर्धेपासून परीक्षक सायमन कॉवेल यांचं बोचरं बोलणं गाजलं आणि तो बाज सगळीकडे पसरला. रूपावर, कपड्यांवर शेरे येत असतील तर ‘हे चूक आहे’ असं मुलाला तिथल्या तिथे सांगा. माझी कसोटी साधी आहे : हे ऐकून उद्याच्या रियाजात काय करायचं ते कळतं का? कळत असेल, तर शब्द कडू असले तरी उपयोगाचे.

घरी स्पर्धा बघताना परीक्षक बोलायच्या आधी मुलाला विचारा, “तुला काय ऐकू आलं?” आपलं मूल हरून आलं तर त्याचं दुःख खुशाल वाटून घ्या, पण परीक्षकाला शिव्या घालू नका. खरं सांगणारा आपला शत्रू, एवढंच त्यातून त्याच्या मनात बसतं.

ती मुलगी परत गायला लागली. रियाजाला आता आई समोर बसते आणि सूर उतरला की बोट वर करते. ही कल्पना मुलीचीच. “पहिल्या आठवड्यात आईचं बोट खाली यायलाच तयार नव्हतं,” असं ती हसत सांगत होती.