जुळी चार वर्षांची, एक तान्हं, आणि घरात वडीलधारं कुणी नाही. नाताळ कसा निभवावा?

तुमचा प्रश्न वाचला. चार वर्षांची जुळी, सहा महिन्यांचं बाळ, नुकतीच पुण्याला झालेली बदली, आणि सासू-सासऱ्यांशिवायचा पहिलाच नाताळ. गोठा (म्हणजे येशूजन्माचा देखावा), फराळ, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), पाहुणे यातलं काय करावं, काय सोडावं, आणि फराळ विकत आणला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

आमचं घर वसईचं, एकत्र कुटुंब. माझी तीन आणि जाऊबाईंची दोन अशी पाच पोरं. थोरला नऊ वर्षांचा आणि शेंडेफळ अजून रांगतंय. त्यामुळे जे सांगते ते रोजच्या धबडग्यातलं आहे.

पहिली गोष्ट अशी की लहान मुलांच्या घरात नाताळचा खरा ताण 25 तारखेला येत नाही, तो आधीच्या तीन-चार आठवड्यांत येतो. नोव्हेंबर संपायच्या आत दुकानांत चांदण्या लटकतात, शाळेत लाल टोप्या मागवतात, आणि पोरं रोज सकाळी डोळे चोळत विचारतात, "आज आहे का नाताळ?" आगमनकाळ म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांचा काळ, वाट पाहण्याचे दिवस, पण चार वर्षांच्या पोराला वाट बघता येत नाही. त्याला काम मात्र करता येतं. म्हणून आमच्याकडे डिसेंबर लागला की प्रत्येकाला सणाचं एकेक खरं काम वाटून दिलेलं असतं. खोटं, मन रमवायचं काम पोरं लगेच ओळखतात.

सगळ्यात चांगलं काम म्हणजे गोठ्यासाठी गहू पेरणं. वसईत आणि गोव्यात बऱ्याच घरी गोठ्यातली हिरवळ अशीच उगवतात. कुणी नाचणी पेरतं, पण मुलांच्या हाताला गहू बरा. मूठभर गहू रात्रभर भिजवायचे, सकाळी निथळून पसरट डब्यात किंवा जुन्या ताटात दोन बोटं माती घालून तिच्यावर दाटीने पसरायचे, आणि मोड वर येईपर्यंत ओलं फडकं टाकून ठेवायचं. मग फडकं काढून खिडकीत. वसईच्या हवेत आठ-दहा दिवसांत वीतभर होतात. पुण्याची थंडी जास्त, तेव्हा दोन-तीन दिवस आधीच पेरा. दोघांना दोन वेगळी ताटं द्या, नाहीतर कुणाचा गहू उंच यावरून रणकंदन होईल. आणि पाणी घालायला तांब्या देऊ नका. पोरं प्रेमाने इतकं पाणी घालतात की गहू कुजून वास मारायला लागतो. आमच्याकडे खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण दिलेलं आहे. सकाळी पाच झाकणं, संध्याकाळी पाच. त्या निमित्ताने धाकट्याला पाचपर्यंत मोजता यायला लागलं.

गोठा जमिनीवर मांडू नका. सहा महिन्यांचं बाळ डिसेंबरात सरकायला लागलं तर मेंढ्या तोंडात जाणारच. पुस्तकांच्या कपाटाचा मधला कप्पा रिकामा करा, तो जुळ्यांच्या छातीएवढा येतो आणि बाळाच्या हाती लागत नाही. मूर्ती मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या, फुटल्या तरी जीव हळहळणार नाही अशा घ्या. काचेचे गोळे आणि लायटिंगची माळ वर. असिसीच्या संत फ्रान्सिसने 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी गोठा मांडला तेव्हा गव्हाणीत चारा टाकून खरा बैल आणि खरं गाढव आणून उभं केलं होतं. तेव्हा मुलांनी डायनासोर आणून ठेवला तर फार मनावर घेऊ नका. आमच्या गोठ्यात गेली काही वर्षं एक जेसीबी आहे.

बाळ येशूची मूर्ती 24च्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवायची नाही, ती लपवून ठेवायची. बाळ येशूला भेटायला दुरून आलेल्या तीन राजांच्या मूर्तीही लगेच गोठ्यात आणू नका. त्यांना लांब, फ्रिजवर किंवा टीव्हीच्या मागे उभं करा आणि रोज थोडं थोडं पुढे सरकवू द्या. ते पोचणार थेट जानेवारीत, राजांच्या सणाला. 25 नंतर मुलांचं तोंड एकदम उतरतं ना, त्यावर हा आमच्या घरचा उतारा आहे.

आगमनकाळाच्या चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी, जरूर लावा. पेटवायचं मोठ्यांनी, विझवायचं मुलांनी. चार रविवार आणि दोन जुळी, तुमचा हिशेब तर आयताच बसलाय.

एक प्रकार मात्र मला पटत नाही. काही घरांत मुलाने चांगलं काम केलं की गव्हाणीत एक काडी ठेवायची पद्धत असते. कल्पना सुंदर आहे, पण पाठोपाठच्या वयाची मुलं असली की दोन दिवसांत काड्यांची मोजदाद सुरू होते आणि दुसऱ्याच्या काड्या चोरल्या जातात. जुळ्यांच्या घरात तर नकोच.

आता फराळ. सगळं करायला जाऊ नका. मुलांना हाताशी घेऊन करण्यासारखा पदार्थ एकच, कुलकुल. मैदा, त्यात थोडा बारीक रवा, चिमूटभर मीठ, थोडी पिठीसाखर, चमचाभर गरम तुपाचं मोहन, आणि नारळाच्या घट्ट दुधात मळायचं. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवं. अर्धा तास झाकून ठेवा. मग बोराएवढी गोळी काट्याच्या चमच्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या फणीवर अंगठ्याने दाबत पसरायची आणि टोकाकडून गुंडाळत यायची. बाहेरून रेघा उमटतात. फणी त्याच कामासाठी राखून ठेवलेली हवी, हे सांगायला नको. शेवटची कड नीट दाबून घ्या, नाहीतर तेलात उलगडते. हे शेवटचं दाबायचं काम आमच्याकडे चार वर्षांच्या पोरीकडे आहे. ती प्रत्येक कुलकुलाला "बंद!" म्हणून सोडते.

मुलांच्या हातची कुलकुलं एकसारखी होत नाहीत. एक हरभऱ्याएवढं, एक अंगठ्याएवढं. एकत्र तळली की बारीक करपतात आणि मोठी आत कच्ची राहतात. म्हणून आधी ताटातच लहान-मोठी वेगळी करा आणि मध्यम आचेवर वेगवेगळे घाणे काढा. तळताना मुलं स्वयंपाकघरात नकोत, हा आमच्या घरचा कायदा आहे. तेवढ्या वेळापुरती त्यांना बापाच्या हवाली करायची. वळायचं काम एका संध्याकाळी आणि तळायचं ती झोपल्यावर, असंही चालतं. ओलं फडकं घालून फ्रिजमध्ये ठेवलं की वळलेली कुलकुलं काही तास टिकतात. पाकात घोळवायची की साधी ठेवायची ते तुमच्यावर, पण पाकातली असली की घरभर चिकट हात फिरतात.

वरच्या पिठात मी अंडं मुद्दाम घातलेलं नाही. काहीजण घालतात. पण ताटं शेजारी जाणार, आणि शेजारी कुणी अंडं न खाणारं असलं तर केक तर गेलाच, निदान कुलकुल आणि करंज्या तरी त्यांना निर्धास्त खाता याव्यात. पुण्यात तुमच्या मजल्यावर कोण काय खातं ते आधी विचारून ठेवा. दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचं ताट आलंच असेल. ते परत देताना रिकामं द्यायचं नाही ही आपली रीत, म्हणजे तुमच्या नाताळाच्या ताटाची ती नुसती परतफेड. ताट पोचवायचं काम जुळ्यांचं. एकाने ताट धरायचं, दुसऱ्याने बेल वाजवायची, आणि परतताना अदलाबदल. थोरल्याने एकदा शेजारच्या आजींना ताट देताना सांगितलं, "आई म्हणाली यात अंडं नाही, पण मी हात धुतले नव्हते." आजींनी हसत खाल्लं. आमच्या शेजारपाजारात सगळ्यांना नाताळ ठाऊक झाला तो अशाच ताटांतून.

केकची फळं तुम्ही रममध्ये भिजवली असतील तर मुलांचा केक वेगळा, संत्र्याच्या रसातला करा. भाजताना सगळा अल्कोहोल उडून जातो हा समज चुकीचा आहे, थोडा राहतोच, आणि वरून रम शिंपडलेल्या केकात तर बराच राहतो. अख्खे काजू-बदाम जुळ्यांनाही देऊ नका, घशात अडकतात. बाळाला मध चाटवायला कुणी पाहुणा पुढे आला तर त्याला सरळ थांबवा. वर्षाच्या आत मध नाहीच.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा, रात्रीची मिस्सा. तुम्ही लिहिलंय की सासूबाईंचा फोन येतो, "रात्रीची मिस्सा चुकली तर नाताळ कसला?" माझ्याही सासूबाई हेच म्हणायच्या. त्यांच्या लहानपणी गावातली माणसं कंदील घेऊन चालत जायची, ते आठवून डोळे भरतात त्यांचे. ती ओढ मी समजू शकते. पण चर्चच्या उपासनाविधीत नाताळला एक सोडून चार मिस्सा आहेत. आदल्या संध्याकाळची, रात्रीची, पहाटेची आणि दिवसाची. यातल्या कुठल्याही एकीला गेलं तरी सणाचं कर्तव्य पुरं होतं. शिवाय "मध्यरात्रीची" म्हणतात ती बारालाच असते असंही नाही. ध्वनिक्षेपकाच्या नियमांमुळे मुंबईकडे किती ठिकाणी ती संध्याकाळीच होते. खुद्द व्हॅटिकनमध्ये पोप फ्रान्सिस यांची नाताळरात्रीची मिस्सा शेवटची काही वर्षं संध्याकाळी सात-साडेसातला असायची. हे सासूबाईंना सांगून बघा. माझ्या सासूबाई त्यावर म्हणाल्या होत्या, "त्यांच्याकडे थंडी असते," आणि विषय तिथेच संपला.

आमच्याकडे आता घर दोन भागांत वाटून घेतो. मोठी दोघं बाबा आणि काकांबरोबर रात्री जातात, बारकी माझ्याबरोबर आणि जाऊबाईंबरोबर सकाळी. तुमच्याकडे माणसं दोनच, तेव्हा सगळ्यांनी मिळून संध्याकाळची पहिली मिस्सा धरा. त्या दिवशी दुपारी मुलं झोपलीच पाहिजेत, बाकी सगळं गेलं तरी चालेल. निघण्याआधी पोटभर जेवण, स्वेटर, कानटोपी. नवे कपडे टोचणारे असतील तर आत जुना मऊ सुती बनियन घाला. फ्रॉकची जाळी मानेला टोचते म्हणून आमच्या मुलीने प्रवचनाच्या मधोमध फ्रॉक काढायला सुरुवात केली होती. मैदानात मांडव असेल तर कडेची, मागची जागा घ्या. मुलांना फार पुढचं सांगू नका, एवढंच सांगा की "ग्लोरिया सुरू झालं की घंटा वाजणार." ग्लोरिया म्हणजे देवाच्या गौरवाचं स्तोत्र. आगमनकाळातल्या रविवारी ते म्हणत नाहीत, ते नाताळला परत येतं, आणि आमच्याकडे त्यावेळी घंटा जोरात वाजवतात. झोपलेलं पोरही तेवढ्यापुरतं जागं होतं. तेवढं पाहिलं, शेवटी रांगेत उभं राहून बाळ येशूला वंदन केलं, की चार वर्षांच्या मुलाची मिस्सा झाली. मधल्या प्रवचनाला ते बाहेर खडे वेचत असेल तर वेचू द्या.

घरी आलं की झोपायच्या आधी बाळ येशू गव्हाणीत. कोण ठेवणार हे आधीच ठरवून ठेवा. जुळ्यांत एकाने मूर्ती ठेवायची, दुसऱ्याने चादर पांघरायची, पुढच्या वर्षी उलट. वहीत लिहूनच ठेवा, पोरं विसरत नाहीत.

सांताचं काय, असंही तुम्ही ओझरतं विचारलंय. आमच्या लहानपणी तो फारसा नव्हता, नवे कपडे आणि फराळ हीच भेट. आता शाळेतून, मॉलमधून तो येतोच. मी त्याला हाकलत नाही, पण तो मायरा या गावचा बिशप संत निकोलस, आजच्या तुर्कस्तानातला, आणि त्याचा सण 6 डिसेंबरला, एवढं मुलांना सांगते. त्या दिवशी एकेक छोटी भेट देऊन मोकळी होते, म्हणजे 25 तारखेला भेटींचा धुमाकूळ होत नाही.

25ला जेवायला कुणाला बोलवावं? पहिल्या वर्षी कुणालाच नको. किंवा बोलवायचंच तर सकाळी अकरा ते एक, कुलकुल, केक आणि चहा. सोरपोतेल (डुकराच्या मांसाचा आंबट-तिखट रस्सा), फुगे (तळलेले फुगीर पाव) वगैरे बेत करायचा असेल तर सोरपोतेल दोन दिवस आधी करून ठेवा. ते मुरल्यावरच चव लागते आणि सणाच्या सकाळी तुम्ही ओट्याशी अडकत नाही.

आणि विकतचा फराळ? अगदी खुशाल आणा. इकडे वसईत कितीतरी बायका घरून करंज्या, कुलकुल, दोदोल (नारळाचं दूध आणि गूळ आटवून केलेली मिठाई), मिल्क क्रीम (दुधाच्या वड्या) किलोवर करून देतात, आणि त्यांच्या हातचं माझ्यापेक्षा सरस असतं. दोदोल तर मीही विकतच आणते, ते ढवळत तासन्‌तास उभं राहायला पाच पोरांच्या घरात कुणाला सवड आहे? पुण्यात कॅम्पातल्या बेकऱ्या आहेत, किंवा तुमच्या चर्चमधल्या महिला मंडळात विचारा, कुणीतरी करून देणारं निघतंच. फक्त ऑर्डर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात द्या, 15 तारखेनंतर कुणी घेत नाही.

गहू अजून भिजवले नसतील तर आज रात्री भिजवा.