विमा, कोठार आणि मान्ना

भावा, ख्रिस्ती विश्वासात नवीन आहेस म्हणून आधीच सांगतो: देवावर भरवसा ठेवायचा म्हणून द्राक्षबागेचा विमा बंद करू नकोस, फवारणीही थांबवू नकोस. तासगावात ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की दावण्या (वेलीवरचा बुरशीचा रोग) येतोच. तयारी करणं म्हणजे अविश्वास नव्हे. बायबलमधल्या नीतिसूत्रे ६ मधली मुंगीसुद्धा उन्हाळ्यात साठवते. चूक होते ती साठ्यालाच देव मानल्यावर. लूक १२ मधल्या श्रीमंताचं तेच झालं: मोठी कोठारं बांधून निवांत राहू म्हणाला, आणि त्याच रात्री त्याचा जीव मागितला गेला.

निर्गम १६ सावकाश वाच. मान्ना म्हणजे रानात देवाने इस्राएल लोकांना रोज दिलेलं अन्न; माणशी एक ओमर, म्हणजे एक ठरावीक माप. सकाळपर्यंत ठेवला की किडे पडायचे, पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा केलेला टिकायचा. फरक मान्नात नव्हता, देवाच्या सांगण्यात होता. (हे फार जण विसरतात.)

सकाळी बाजारभाव बघण्याआधी मत्तय ६:२५-३४, म्हणजे ‘चिंता करू नका’ हा उतारा वाच, महिनाभर तोच. प्रार्थनेत मोघम बोलू नकोस; ‘सोसायटीच्या कर्जाचा हप्ता’ असं काळजीचं नाव घे. बेदाण्याची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, हातात आली की दान आधी बाजूला काढ; उरलं तर देऊ म्हटलं की उरत नाही. आणि ‘दान दे, दुप्पट मिळेल’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नकोस. तो देवावर नाही, पुन्हा पैशावरच भरवसा ठेवायला शिकवतो.